कडू आहे, मान्य. पुढे?

"हे काय रे? कारल्याच्या काढ्याला फेस आणलाय का?"

भावोजींनी पहिला घोट घेऊन ग्लास टेबलावर ठेवला तो अशा बेतानं, की पुन्हा उचलायचा विचार नसावा. शनिवारची दुपार, पुण्यात मुंढव्यातली एक ब्रूपब, म्हणजे बिअर तिथेच बनवून पाजणारी जागा, रिक्षानं आलेलो त्यामुळे परत गाडी चालवायची काळजी नाही. भावोजी साताऱ्याचे. बिअर म्हणजे बर्फगार लागर आणि घशाखाली उतरताना लागते तेवढीच तिची चव, असा त्यांचा कित्येक वर्षांचा हिशोब. त्यांच्यापुढे मी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल नावाची फिकट, कडू बिअर, ठेवली होती.

तक्रार खोटी नव्हती. आयपीए कडूच असते. पण तेवढ्यावर तिचा निकाल लावणं म्हणजे अमृततुल्यातून बाहेर पडताना "चहा गोड होता" एवढंच सांगणं. गोड असणारच, त्यात सांगण्यासारखं काय? आणि हेच भावोजी चहाच्या बाबतीत असलं काही खपवून घेत नाहीत. पत्ती जुनी आहे, आलं कच्चं राहिलंय, तिसऱ्यांदा उकळलाय म्हणून जीभ ओढतेय, असे तीन दोष ते एका घोटात काढतात आणि कप परत पाठवतात. ज्याला चहा एवढा कळतो त्याला आयपीए कळायला तासभर पुरे, असं मी म्हणालो. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

आधी नावातल्या 'इंडिया'चं बघू, कारण बहुतेकजण तिथूनच घसरतात. हिंदुस्थानातल्या साहेबांना पाठवलेली बिअर वाटेत नासायची, म्हणून कुणा हुशार इंग्रजानं तिच्यात भरमसाट हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालून ही नवी बिअर शोधून काढली, अशी गोष्ट सर्रास सांगतात. गोष्ट छान आहे, पण अर्धीच खरी. हॉप्समुळे बिअर टिकायला मदत होते हे खरं. पण जादा हॉप्सची, तळघरात मुरवायची फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या ब्लॅकवॉलच्या धक्क्याजवळ होती. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा माल विकायला न्यायची मुभा असे आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देई. धक्क्याजवळचं दुकान आणि वर उधारी! यातलं धंद्याचं गणित आपल्या कुठल्याही किराणा दुकानदाराला चटकन कळेल. बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी इथे उतरायची आणि त्या हेलकाव्यात चांगली मुरलेली निघायची. आणि हो, काळी पोर्टर बिअरही त्याच समुद्रातून इथे येत होती, गोरे शिपाई ती आवडीनं पीत होते. म्हणजे आयपीएवाचून सगळे तहानलेले बसले होते असं काही नव्हतं.

१८२०च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावचा ऑलसॉप नावाचा ब्रुअर या व्यापारात उतरला. त्याच्या माणसानं पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत बनवला असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण भावोजींना इतिहासातला हाच भाग पटला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यानं हॉप्सचा कडूपणा धारदार आणि कोरडा लागतो, त्यामुळे तिथली बिअर हॉजसनच्या वरचढ ठरली. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात दिसतं ते १८२९च्या सिडनीतल्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. नाव हिंदुस्थानचं, माल विलायतेचा, जाहिरात ऑस्ट्रेलियात.

पुण्यात आज जी मिळते ती मात्र थेट त्या बिअरची लेक नाही, अमेरिकेत वाढलेली नात आहे. तिकडे १९७२ साली कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण बाजारात आला आणि त्याच्या पपनसासारख्या वासानं लहान ब्रुअर वेडे झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ साली लिबर्टी एल काढली, १९८०च्या सुमाराला सिएरा नेवाडाची पेल एल आली, आणि तिथून आयपीएचा दुसरा जन्म सुरू झाला. आपल्याकडे २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. जाता जाता, हा 'डूलाली' शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत गेलेला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांचं डोकं फिरायचं, त्यावरून 'डूलाली' म्हणजे भ्रमिष्ट.

आता हॉप्स. ही एका वेलीची फुलं. हिरवी, पाकळ्यांच्या घड्यांची, चोळली की आतून पिवळी चिकट पूड निघते. सगळी करामत त्या पुडीत. ही वेल गांजाच्या कुळातली आहे हे ऐकल्यावर भावोजींनी ग्लासाकडे प्रथमच आदरानं पाहिलं. गांजाची नशा हॉप्समध्ये नसते, हेही लगेच सांगावं लागलं. भारतात लाहौलच्या थंड खोऱ्यात थोडी लागवड होते, पण आपल्या ब्रुअऱ्या बहुतेक हॉप्स बाहेरूनच मागवतात.

या एकाच फुलातून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि कोणती मिळेल हे घालायच्या वेळेवर ठरतं. चहातच बघा. आलं सुरुवातीला टाकून खळखळ उकळलं तर तिखटपणा पुरेपूर उतरतो. गवती चहा मात्र इतका वेळ उकळला तर त्याचा वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो, म्हणून तो शेवटी टाकून झाकण ठेवायचं. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, पाणी उकळायला लागल्यावर सुरुवातीलाच टाकलेल्या हॉप्समधली आल्फा आम्लं तासाभराच्या उकळीत रूप बदलतात, पाण्यात विरघळतात आणि कडूपणा देतात, पण वासाची तेलं उडून जातात. उकळी संपताना टाकलेले हॉप्स वास देतात. आणि बिअर आंबून झाल्यावर, न उकळता, नुसते भिजत घातलेले हॉप्स तर जवळजवळ वासच देतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आजची आयपीए कडूपणापेक्षा या दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यावर जास्त उभी आहे. म्हणून नाक न लावता ती पिणं म्हणजे गवती चहाचे पैसे देऊन नुसता गुळाचा चहा पिणं.

मग मी भावोजींना पहिला ग्लास परत उचलायला लावला. प्यायचा नाही, फक्त हुंगायचा.

त्याआधी दोन अडचणी दूर केल्या. एक म्हणजे मसाला शेंगदाण्यांची बशी. आयपीएबरोबर झणझणीत खावं असं पुष्कळ मेनूंवर सुचवलेलं असतं. मला ते अजिबात मान्य नाही. मिरचीनं पेटलेल्या जिभेवर कडूपणा, बुडबुडे आणि अल्कोहोल तिन्ही आणखी आग लावतात. मिसळ खाऊन आयपीए चाखणाऱ्याला फक्त मिसळच कळते. परीक्षा करायची तर साधा पाव आणि साधं पाणी, बस. दुसरी अडचण थंडी. फ्रीजरमधून पांढराफटक झालेला मग आला होता, तो परत पाठवून साधा ग्लास मागवला. अतिथंड बिअरचा वास बाहेरच येत नाही, सात ते दहा अंशांच्या आसपास ती बोलायला लागते. दहा मिनिटं हातात धरून बसलं तरी काम होतं.

ग्लास अर्धाच भरलेला हवा. तळवा वर झाकायचा, ग्लास हलकेच गोल फिरवायचा, तळवा काढून दोन छोटे श्वास. लांब श्वास ओढू नका, नाक लगेच सरावतं आणि मग काहीच येत नाही.

"पपनस," भावोजी म्हणाले. मग परत हुंगून, "सोललेलं नाही. साल. परसातलं पपनस सोलताना बोटांना लागतं ना, ते."

मी गप्प बसलो, कारण मला एवढं नेमकं सुचलं नसतं. अमेरिकन आयपीएच्या वर्णनात ज्या ग्रेपफ्रूटचा सारखा उल्लेख येतो ते फळ म्हणजे पपनस आणि संत्र्याचा संकर. म्हणजे आपण मूळ पुरुषालाच ओळखतो. परदेशी पुस्तकातले शब्द घोकायची गरज नसते ती अशी. 'पाइन' म्हणतात तो वास आपल्याला राळेत भेटतो. हॉप्समधलं लिनालूल हेच धन्यांच्या वासातलं मुख्य संयुग. जेरॅनिऑल आपल्या रोशा गवताच्या तेलात भरपूर असतं. मिर्सिन आंब्यातही असतं. नव्या वाणांच्या हॉप्समधून पिकलेला पेरू, हापूसची साल, कधी फणसाचा गरा असे वास येतात आणि ते कुणी अर्क म्हणून घातलेले नसतात. नुसतं "फ्रुटी आहे" म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठलं फळ, कच्चं की पिकलेलं, गर की साल? तिथपर्यंत गेलात की परीक्षा सुरू झाली.

रंगरूपावर फार वेळ घालवू नका. वेस्ट कोस्ट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या, पद्धतीची आयपीए सोनेरी आणि नितळ असावी. हेझी पद्धतीची गढूळ असते, मोसंबीच्या रसासारखी, आणि तो गढूळपणा मुद्दाम राखलेला असतो, ओट्स-गव्हाची प्रथिनं आणि हॉप्समधली द्रव्यं मिळून तो येतो. फक्त हेझी बिअर राखाडी-तपकिरी दिसली तर सावध व्हा. तिला हवा लागली आहे.

आता घोट. चमचाभर नको, तोंडभर घ्या, पसरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण हिचा कडूपणा खरा कळतो तो गिळल्यानंतर. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा होता ना, गोड टोकाला आणि कडू मागे? तो चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. पण कडू उशिरा येतं आणि उशिरा जातं, हे मात्र खरं. एक प्रयोग भावोजींनाही करायला लावला. नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा, नुसतं कडू-गोड कळतं. मग चिमूट सोडायची. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि पपनस परत हजर होतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यात नाकाचा वाटा किती मोठा आहे, हे सर्दीत वरण-भात जेवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

"पण कडू आहेच की," भावोजी म्हणाले.

आहेच. आता खरा प्रश्न. कसलं कडू, किती वेळ, कशाच्या सोबतीनं?

इथे मराठी माणसाची एक जमेची बाजू आहे. आपल्याकडे कडू आणि तुरट हे दोन वेगळे, रोज वापरायचे शब्द आहेत. कारलं कडू, सुपारी तुरट. मेथी कडू, जांभूळ तुरट. कडू ही चव, तुरट ही ओढ: जीभ कोरडी पडते, गाल आत खेचले जातात. इंग्रजीत बोलणाऱ्या पुष्कळ नवशिक्यांचा इथे गोंधळ उडतो, आणि आयपीएच्या परीक्षेत हा फरक कळीचा आहे. स्वच्छ कडूपणा हा गुण, खरखरीत तुरटपणा हा बहुतेक वेळा दोष. धान्याच्या सालीतून किंवा हॉप्सच्या पाल्यातून टॅनिन जादा उतरलं की तो येतो, अगदी तिसऱ्यांदा उकळलेल्या चहात येतो तसाच.

मग सोबत. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला नुसता चावून बघा आणि गूळ-ओवा-हरभराडाळ घालून वाटलेली गोळी खाऊन बघा. निंब तेवढाच, कडू वेगळं. बिअरमध्ये गुळाची जागा माल्टची उरलेली गोडी घेते. मेनूवर आयबीयू नावाचा आकडा लिहितात. ढोबळमानानं लिटरमागे कडू द्रव्यं किती मिलिग्रॅम, ते. अमेरिकन आयपीएत तो साधारण ४० ते ७०, हेझीत २५ ते ६०. पण ६०ची गोडसर बिअर ४५च्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते, म्हणून आकड्यावर जाऊन ऑर्डर देणारा फसतो. पाण्याचाही हात असतो. सल्फेट जास्त तर कडू धारदार, क्लोराइड जास्त तर मऊ आणि भरीव. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर चढलेली पांढरी पुटं पुण्याच्या कुठल्याही नव्या उपनगरात बघायला मिळतात. क्षारांचा हा खेळ ब्रुअर पाणी आधी शुद्ध करून, मग मोजून क्षार घालून खेळतो.

आता वेळ. गिळल्यावर मनात आकडे मोजा. चांगल्या वेस्ट कोस्ट आयपीएचा कडूपणा चढतो, थांबतो आणि उतरतो, मागे तोंड स्वच्छ राहतं. वाईटाचा कडूपणा चिकटून बसतो, ॲस्पिरिनची गोळी जिभेवर विरघळल्यासारखा. भावोजींनी मोजलं. "पंधराला गेलं," म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

मग दुसरा ग्लास आला, त्याच जागची हेझी. भावोजींचा चेहरा खुलला. "ही बरी आहे की. मऊ आहे. वास कसला... मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा."

मी हुंगलं. अगदी बरोबर. पॉपकॉर्न, लोणी, थोडं बटरस्कॉच. याचं नाव डायअसिटिल. यीस्ट आंबवताना ते तयार करतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर स्वतःच गिळून टाकतं. घाई केली तर मागे राहतं. आयपीएत आणखी एक फसगत असते. ड्राय हॉपिंगच्या हॉप्समधली विकरं न आंबलेली शर्करा फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि गेलेलं डायअसिटिल परत येतं. बिअर आणून देणाऱ्या मुलाला मी हळूच सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, ते हॉप्समुळेच असतं." गंमत म्हणजे तो पूर्ण चुकला नव्हता.

बाकीचे दोषही नाकानं ओळखायचे. उकडलेलं मक्याचं कणीस किंवा कोबी आला तर डायमिथिल सल्फाइड. हिरव्या सफरचंदाची फोड आली तर बिअर कच्ची. केळं आणि लवंग गव्हाच्या जर्मन बिअरला शोभतात, आयपीएत आले तर यीस्टचं काहीतरी बिनसलंय. खवट चीज किंवा घामट मोजे आले तर हॉप्स जुने. आणि ओला पुठ्ठा, म्हणजे बिअरच शिळी.

हा शेवटचा दोष आयपीएचा हाडवैरी. हॉप्सचा वास आठवड्यांच्या हिशोबानं विरतो. गेल्या एप्रिलमध्ये मी एका वाइन शॉपमधून चांगल्या नावाचा कॅन घेतला, तारीख न बघता. घरी येऊन ओतला तर पपनस नाही, पेरू नाही, ओल्या खोक्यात ठेवलेला मध. कॅन उलटा करून बघितलं, सात महिन्यांपूर्वीचा, आणि दुकानातलं ते फ्रीज वीज गेली की बंदच असायचं. पहिल्या तीन महिन्यांतला, सतत थंडीत राहिलेला मिळाला तरच घ्या. साहेबाची बिअर सहा महिने जहाजात मुरायची हे खरं, पण ती बिअर वेगळी होती.

उन्हाचा दोष तर घरीच करून बघता येतो. मी केला. एकाच बाटलीतली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओतली, एक आतल्या कपाटात ठेवला, दुसरा गॅलरीत दुपारच्या उन्हात. वीस मिनिटांनी दोन्ही हुंगले. कपाटातला जसाच्या तसा. गॅलरीतला, ठेचलेल्या लसणात जळकं रबर मिसळावं तसा. हॉप्सच्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की बिअरमधल्या बी-२ जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीनं एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. गांजाच्या उग्र वासातही तेच सापडतं, कूळ सांगतंच ते! म्हणून बाटली तपकिरी असते. हिरवी काच दिसायला छान, राखणदार म्हणून कुचकामी.

शेवटी मार्क. १९८५पासून चालत आलेला बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम पन्नासपैकी मार्क देतो: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त तीन, हे मला फार आवडतं. आणि मार्क आपल्या आवडीला द्यायचे नसतात. बिअरनं मेनूवर जे नाव लावलंय, त्या नावाला ती जागली का, एवढंच बघायचं. शास्त्रीय संगीत न आवडणारा माणूसही गायक बेसूर झाला हे ओळखू शकतो, तसं.

भावोजींनी पेपर नॅपकिन उलटा केला आणि पेन मागितलं. पहिल्या ग्लासाला वास ९, रूप ३, चव १५, स्पर्श ४, एकूण ६. बेरीज ३७. दुसऱ्याला वास ६, रूप ३, चव ११, स्पर्श ३, एकूण ५. बेरीज २८. बेरजा पुन्हा तपासल्या, नॅपकिनची घडी घालून खिशात ठेवली.

मग सदतीस मार्कांचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "ही तू संपव," म्हणाले, "मला ती लोण्याची दे."